अर्धवट राहिलेलं भरतकाम पुन्हा हातात घेताना

कित्येक महिने मागे पडलेलं भरतकाम पिशवीतून बाहेर काढलं की पहिला प्रश्न अगदी साधा पडतो: पाकळी दोन पदरांनी भरली होती की तीन? मग हिरव्यांतला नेमका कुठला हिरवा, टाका डावीकडून घातला होता की उजवीकडून, ग्राफवर आपण कितव्या ओळीवर होतो. हे शोधण्यातच हाताशी असलेला अर्धा तास जातो, सुई ओवलीच जात नाही आणि पिशवी परत कपाटात जाते. माझी कितीतरी कामं अशी रखडली. आपल्याला चिकाटी नाही, असं मी खूप वर्षं धरून चालले होते. नंतर सगळी अर्धवट कामं एकदम पुढ्यात मांडली तेव्हा दिसलं, की काम बाजूला ठेवताना मी पुढच्या वेळेसाठी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून टाके कसे घालायचे हे इथे कमी आहे. काम थांबवायचं कसं, मोजायचं कसं आणि परत उचलायचं कसं, हे जास्त.

आधी सगळं बाहेर काढा

एका दुपारी घरातली सगळी अर्धवट कामं उजेडात पसरा. भरतकाम, क्रॉसस्टिच (चौकोन मोजून घातलेल्या फुल्यांचं काम), पॅचवर्कचे म्हणजे जोडकामाचे तुकडे, गोट म्हणजे कडेची पट्टी लावायची राहिलेली गोधडी, सगळं. प्रत्येक कामाचं कापड, धागे, नक्षीचा कागद आणि सुई एकत्र आहे का ते बघा. नक्षीचा कागदच हरवला असेल तर ते आज समजलेलं बरं.

मग प्रत्येक काम हातात घेऊन स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज माझ्याकडे कोरं कापड असतं, तर मी हे काम नव्याने सुरू केलं असतं का? ‘आधीच एवढा वेळ घातलाय’ हे उत्तर इथे धरू नका. तो वेळ काम पुरं केल्याने परत येत नाही आणि सोडल्याने जास्त वायाही जात नाही. नको असलेलं काम सोडताना न वापरलेले धागे काढून घ्या, भरलेला चांगला भाग कापून पिशवीच्या खिशावर किंवा वहीच्या कव्हरवर लावा, उरलेलं कोरं कापड सरावाला ठेवा.

राहिलेल्यांतून दोनच कामं निवडा. एक मोजून करायचं, शांत वेळेचं; दुसरं असं, की बोलता बोलता किंवा प्रवासातही हात चालू राहील, उदाहरणार्थ साखळी टाक्याची किनार. दोन्ही कामं मोजायची असतील तर थकल्या दिवशी एकही हातात घेववत नाही.

प्रत्येक कामाचं एक कार्ड

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. तळहाताएवढं जाड कार्ड घ्या आणि ते कामाच्या पिशवीत ठेवा. त्यावर कापडाचा प्रकार आणि काउंट (एका इंचात किती चौकोन बसतात ते), सुईचा नंबर, प्रत्येक रंगाचा कंपनीचा क्रमांक, कुठल्या भागाला किती पदर, कुठला टाका आणि त्याची दिशा लिहा. कार्डाच्या कडेला भोकं पाडून प्रत्येक भोकात त्या रंगाचा बोटभर धागा बांधून ठेवा. लडीवरची कागदी पट्टी हरवली तरी रंग ओळखता येतो.

जुन्या कामाचं कार्ड करताना पदरांची संख्या आठवत नसेल तर काम उलटं करा. मागच्या बाजूला, जिथे धागा संपवला आहे, तिथलं टोक सुईने अलगद मोकळं केलं की पदर मोजता येतात. क्रॉसस्टिचमध्ये वरचा तिरपा टाका कुठल्या दिशेला झुकतो ते बघून कार्डावर एक छोटी तिरपी रेघ मारा. ही दिशा बदलली तर रंग तोच असूनही नवा भाग वेगळा चमकतो, कारण उजेड धाग्यावरून वेगळ्या कोनातून परत येतो. सॅटिन टाक्यात, म्हणजे शेजारी शेजारी लांब टाके घालून आकार भरण्यात, हा फरक आणखी ठळक दिसतो.

कापडाची तब्येत

पहिला टाका घालण्याआधी कापड खिडकीसमोर धरा. घडीच्या रेषा, कापड ताणायच्या गोल रिंगचे वळ, पिवळे डाग, गंजाचे ठिपके शोधा. सुई कापडातच टोचून ठेवली असेल तर गंज हमखास सापडतो, आणि तो सहसा साध्या धुण्याने जात नाही. असा डाग नक्षीच्या जवळ असेल तर तिथे एखादं पान किंवा कळी वाढवता येईल का हे आताच ठरवा.

इस्त्री मात्र लगेच फिरवू नका. नक्षी कशाने उतरवली होती हे आधी आठवा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणांवर गरम इस्त्री फिरली तर त्या पक्क्या होऊ शकतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या रेषा इस्त्रीने दिसेनाशा होतात, पण कडाक्याच्या थंडीत त्या परत उमटू शकतात. आपोआप उडून जाणारं जांभळं पेन तर सावकाश चालणाऱ्या कामाला चालतच नाही. त्याची खूण एकदोन दिवसांत विरते. एका मोठ्या वेलीची अख्खी नक्षी मी या पेनाने काढली होती. तिसऱ्या दिवशी कापड कोरं होतं आणि वेल परत काढावी लागली. जे काम महिनोन्‌महिने चालणार आहे त्याची नक्षी टाक्याखाली पूर्ण झाकली जाईल अशा बारीक रेषेने, किंवा धुतल्याशिवाय न जाणाऱ्या खुणेने उतरवा. कुठलंही पेन आधी त्याच कापडाच्या कोपऱ्यावर लावून, धुऊन बघा.

रंग पक्का आहे का, हेही आताच तपासा. पांढरं ओलं फडकं गडद लाल, निळ्या आणि काळ्या टाक्यांवर हलकेच दाबा. फडक्यावर रंग आला, तर शेवटचं धुणं कसं करायचं ते कार्डावर लिहून ठेवा.

हात परत बसवणं

मोठ्या खंडानंतर हाताचा ताण बदललेला असतो. आधीचा टाका घट्ट, आताचा सैल, किंवा उलट. म्हणून पहिल्या दिवशी मूळ कामाला हात लावू नका. त्याच जातीच्या तुकड्यावर, रिंग तितकीच ताणून, तोच टाका वीस-पंचवीस वेळा घाला आणि तो तुकडा जुन्या भागाशेजारी धरा. टाक्याची लांबी, फुगवटा, धाग्याचा पीळ जुळेपर्यंत हे चालू ठेवा. साधारण एका बैठकीत हात जागेवर येतो.

दुसऱ्या दिवशी मूळ कामावर जा, पण जुना टाका जिथे थांबला तिथूनच लगेच सुरू करू नका. आधी बाजूचं एखादं सुटं फूल, सुटी कळी भरा. अर्ध्या भरलेल्या पाकळीत जुना आणि नवा हात शेजारी शेजारी येतात आणि फरक उघडा पडतो. सुट्या आकारात तो लपतो.

हात कामातच सुधारतो याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण अकराव्या शतकातल्या बायो टॅपेस्ट्रीत आहे. नावात टॅपेस्ट्री असलं तरी ते विणलेलं नाही, लिननवर लोकरीने केलेलं भरतकाम आहे. लांबी जवळजवळ ७० मीटर, आणि ते लिननचे नऊ तुकडे जोडून झालं आहे. पहिल्या जोडावर काठाच्या रेषा एकमेकींशी नीट जुळत नाहीत. पुढचे जोड मात्र इतके सफाईने घातले आहेत की शोधावे लागतात. तो पहिला जोड कुणी उसवून परत केला नाही. आपल्या कामातला सुरुवातीचा कोपरा शेवटच्या कोपऱ्यापेक्षा कच्चा वाटत असेल, तर त्याच्यापायी सगळं उसवायला घेण्याआधी हे आठवा.

उरलेलं काम मोजा

‘बरंच राहिलंय’ हे माप नाही. क्रॉसस्टिचमध्ये हिशोब सरळ असतो. समजा नक्षी १४० बाय ९८ चौकोनांची आहे. १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ चौकोन बसतात, म्हणजे आकार १० बाय ७ इंच. चारही बाजूंना तीन-तीन इंच सोडले तर कापड १६ बाय १३ इंच हवं. एकूण चौकोन १३,७२०. त्यातले साठ टक्के भरायचे असतील तर टाके झाले ८,२३२. आता घड्याळ लावून स्वतःचे शंभर टाके मोजा. सुई ओवणं, धागा संपवणं, रंग बदलणं हे सगळं त्यात धरा. शंभर टाक्यांना २० मिनिटं लागली तर पूर्ण कामाला २७ तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. रोज अर्धा तास दिला तर जवळजवळ दोन महिने. हा आकडा बघून धास्ती वाटत नाही, उलट मन निवांत होतं. दोन महिन्यांचं काम दोन आठवड्यांत होत नाही म्हणून चिडायचं कारण उरत नाही.

साध्या भरतकामात टाके मोजण्यात अर्थ नाही. तिथे आकार मोजा: नऊ फुलं, चोवीस पानं, सहा हात वेल. प्रत्येक जातीचा एकेक आकार घड्याळ लावून भरा आणि गुणाकार करा. लाँग अँड शॉर्ट टाक्याने छटा देत भरलेली एक पाकळी कधी कधी देठाच्या टाक्याच्या हातभर वेलीएवढा वेळ घेते, म्हणून सरसकट अंदाज चुकतो.

याच वेळी धागाही मोजा. सहा पदरी सुती धाग्याची नेहमीची लडी ८ मीटरची असते. ४५ सेंटिमीटरचे तुकडे केले तर एका लडीत सतरा तुकडे, आणि दोन-दोन पदरांनी काम केलं तर एकावन्न वेळा सुई ओवता येते. १४ काउंटवर अशा एका सुईत चाळीसच्या आसपास पूर्ण फुल्या होतात. तुमच्या हाताने किती होतात ते एकदा मोजून कार्डावर लिहा, आणि एखादा रंग कमी पडणार असेल तर तो शेवटच्या पानावर कळण्याऐवजी आज कळू द्या. हाताने रंगवलेल्या धाग्यांत प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लडींची, छटा थोडी वेगळी निघते, तिथे तर हे फारच महत्त्वाचं. जुन्या आणि नव्या लडीत फरक दिसलाच, तर बदल एकदम करू नका. काही ओळी सुईत एक पदर जुना आणि एक नवा असा घ्या. डोळ्याला सांधा दिसत नाही.

कामाचे घास करा

मोठ्या ग्राफवर दर दहा चौकोनांनी जाड रेघ असते. कापडावरही तशीच दहा-दहाची जाळी वेगळ्या रंगाच्या बारीक धाग्याने, लांब कच्चे टाके घालून करून घ्या. एक तास जातो, पण पुढे मोजणीच्या चुका खूप कमी होतात आणि झालेली चूक दहा चौकोनांच्या आतच सापडते. कच्चा धागा गुळगुळीत असावा आणि कामाच्या धाग्याने तो भेदला जाऊ नये. नाहीतर काढताना तुटतो.

रोजचं माप वेळेत ठरवण्यापेक्षा धाग्यात ठरवा: आज तीन सुया. म्हणजे तीन वेळा ओवलेला धागा संपेपर्यंत. अर्ध्या तासाची बैठक मधेच मोडते, पण एक सुई धागा दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि तो संपल्याचं समाधान पक्कं असतं. ज्या दिवशी काहीच जमणार नाही असं वाटतं त्या दिवशी एक सुई.

दर आठवड्याला एकाच जागी, एकाच वेळच्या उजेडात फोटो काढा. कामाच्या इतकं जवळ असताना वाढ दिसत नाही. चार फोटो शेजारी ठेवले की दिसते. फोटोचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. छोट्या फोटोत रंगांचा तोल आणि वाकडी गेलेली रेषा चटकन लक्षात येते.

बैठकीत लक्ष ठेवायच्या गोष्टी

उजवा हात चालत असेल तर दिवा डावीकडे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. धागा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. लांब धागा प्रत्येक टाक्याला कापडातून घासून जातो, पिसारतो आणि त्याची चमक जाते. पदर एकेक वेगळे ओढून काढा आणि मग एकत्र करा, त्याने पीळ सुटतो आणि टाका भरीव बसतो. दर पाच-सहा टाक्यांनी सुई खाली लोंबकळत सोडा. धागा स्वतःच गिरक्या घेत सरळ होतो. दोन पदरांचं काम असेल तर एकच पदर दुप्पट लांबीचा घेऊन मधोमध दुमडा, दोन्ही टोकं नेढ्यातून ओवा, पहिला अर्धा टाका घालून मागच्या फासातून सुई काढा. सुरुवातीला गाठ लागत नाही आणि मागची बाजू सपाट राहते.

थांबावं कसं

एखादं फूल पूर्ण झालं की थांबायचा मोह होतो. मी उलट करते. फूल पूर्ण झालं की पुढच्या पानाचे चार-सहा टाके घालून मग थांबते. पुढच्या वेळी ‘आता काय घ्यावं’ हा प्रश्नच येत नाही. अर्धं पान दिसतं आणि हात आपसूक तिकडे जातो.

थांबताना पाच मिनिटं राखून ठेवा. ग्राफवर झालेला भाग रंगवा, पण पारदर्शक रंगाने, म्हणजे खालची चिन्हं वाचता येतील. पुढच्या रंगाची सुई ओवून सुयांच्या गादीत खोचा, कापडात नाही. रिंग काढून ठेवा, अगदी रोज. कापड ताणलेल्या अवस्थेत आठवडाभर राहिलं तरी वर्तुळाचा वळ बसतो आणि त्यात धूळ साठून करडी रेघ तयार होते. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळून घेतली तर वळ कमी पडतो आणि कापड सरकतही नाही. काम घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, टाक्यांची बाजू बाहेर, मधे स्वच्छ सुती कापड. प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवू नका, ओल धरते.

शेवटी कार्डावर एक ओळ, आणि ती आज्ञार्थी असू द्या: ‘डावीकडच्या पानाचा खालचा अर्धा भाग, ३ पदर, गडद हिरवा, टाका देठाकडून टोकाकडे.’ सहा महिन्यांनी ही ओळ वाचली तरी दोन मिनिटांत सुई कापडात असते.

उसवायचं की राहू द्यायचं

चूक पुढच्या मोजणीला सरकवत असेल तर लगेच उसवा. एक चौकोन सरकलेली किनार शेवटच्या कोपऱ्यात कधीच जुळत नाही. चूक तिथल्या तिथेच राहणारी असेल, तर काम हातभर अंतरावर धरा. तिथून दिसत नसेल तर राहू द्या.

उसवताना धागा मागे मागे ओढत नेऊ नका. तो कापडाचे धागे सोबत घेऊन येतो. उलट बाजूने बारीक टोकाच्या कात्रीने दर दोन-तीन टाक्यांवर कापा आणि तुकडे चिमट्याने सुलट बाजूने उचला. उरलेला रंगीत तूस चिकटपट्टीने निघतो. भोकं दिसत असतील तर थोडं पाणी लावून सुईच्या टोकाने आजूबाजूचे धागे आडवे-उभे सरकवा. घट्ट विणीच्या कापडावर मात्र खुणा राहतातच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने भरलेलं टाक्यांच्या नमुन्यांचं कापड आहे, त्यावर १५९८ हे साल भरलेलं आहे. त्या कापडावरचे काही आकार नंतर उसवले गेले, आणि चारशे वर्षं उलटली तरी त्यांच्या खुणा ओळखता येतात.

पॅचवर्क आणि गोधडीचं वेगळेपण

इथे रखडण्याचं कारण बहुतेक वेळा मापात असतं. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, पाव इंच धरली तर चार इंची तयार चौकोनाला कापायचा तुकडा साडेचार इंची. माया थोडी जास्त घेतली गेली आणि प्रत्येक चौकोन दोनच मिलिमीटर कमी भरला, तर बारा चौकोनांची ओळ २४ मिलिमीटर आखूड होते. ती शेजारच्या ओळीशी जुळत नाही आणि काम तिथेच पडून राहतं. म्हणून अर्धवट गोधडी उचलताना शिवण्याआधी झालेला प्रत्येक चौकोन मोजा. आखूड निघालेले वेगळे काढा. ते बरेच असतील तर सगळेच त्या मापाला कापून घेणं हा सरळ मार्ग. दोन-चारच असतील तर तेवढे उसवा.

तुकड्यांवर ओळ आणि क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या टाचा आणि मांडणीचा फोटो काढा. वरचं कापड, मधला थर आणि अस्तर असे तीन थर एकत्र करताना अस्तर वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंना तीन-चार इंच मोठं ठेवा. कच्चे टाके आणि नंतरचे पक्के टाकेही मधून कडेकडे घाला, म्हणजे सुरकुती बाहेर सरकत जाते, मधे अडकत नाही.

शेवटचा टाका आणि त्यानंतर

पुष्कळ कामं टाके संपल्यावर रखडतात, कारण चौकट, अस्तर, गोट यांचा विचारच झालेला नसतो. काम निम्मं झालं की हे ठरवा आणि अस्तराचं कापड, गोटाची पट्टी त्याच पिशवीत आणून ठेवा. गोट गोल कडेला लावायचा असेल तर पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी, कापा. सरळ कडेला सरळ पट्टी चालते. अस्तर सुती असेल तर लावण्याआधी धुऊन घ्या, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं.

धुताना गार पाणी, सौम्य साबण. निळ्या पेनाच्या खुणा असतील तर आधी नुसत्या पाण्यात, साबणाशिवाय. रंग सुटताना दिसला तर घाबरून पिळू नका आणि वाळूही देऊ नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहत्या गार पाण्याखाली धरा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. जाड टॉवेलवर काम पालथं घालून मागून इस्त्री करा, म्हणजे फ्रेंच नॉटच्या छोट्या गाठी आणि सॅटिन टाके चेपत नाहीत.

अस्तर बंद करण्याआधी मागच्या बाजूला कापडाची छोटी पट्टी लावा: नाव, सुरू केल्याचं साल, संपल्याचं साल आणि धुण्याची सूचना. कार्ड फेकू नका. उरलेल्या धाग्यांचे तुकडे त्याला गुंडाळून ठेवा. पाच वर्षांनी एखादा टाका निसटला तर दुरुस्तीला तोच रंग लागेल.